मेडिकेडने रेस्पाइटचे तास नाकारले तर

अमेरिकेत दिव्यांग मुलाला काही तास दुसऱ्या कुणी सांभाळायचं आणि आईवडिलांना उसंत द्यायची, याला रेस्पाइट म्हणतात. त्यासाठी मेडिकेडकडे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि दिव्यांग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडे, केलेला अर्ज अडतो तो बहुधा चुकीच्या दारात. २१ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या ईपीएसडीटीखाली (मेडिकेडमधला मुलांच्या तपासणी-उपचारांचा हक्क) मागाल तर नकारच येईल. रेस्पाइट मेडिकेडच्या नेहमीच्या सेवांच्या यादीत नाही. तो मुख्यतः राज्याच्या १९१५(सी) वेव्हरमधून, म्हणजे घरीच जास्तीच्या सेवा देणाऱ्या खास मेडिकेड योजनेतून, मिळतो. तिथे अनेक राज्यांत वर्षानुवर्षांची रांग, म्हणून नाव आजच लावा. घरी नर्स हवी असेल तर मात्र ईपीएसडीटीच. त्याला प्रतीक्षायादी लावता येत नाही.

वेव्हर असून तास कापले? कपातीच्या पत्रात ती लागू होण्याची तारीख शोधा. त्याआधी लेखी सुनावणी मागितली, तर निकालापर्यंत जुने तास सहसा चालू राहतात. हरलात तर त्या तासांच्या खर्चाची वसुली निघू शकते, हेही धरून चाला.

पुराव्यात ‘आई थकते’ चालत नाही. आठवड्याचा तक्ता करा: रात्री २ ला सक्शन (नळीने कफ काढणं), ४ ला कूस बदलली, ५:३० ला फीडिंग पंपचा अलार्म. तो डॉक्टरांच्या पत्राला जोडा. आणि रेस्पाइट ‘नोकरीच्या वेळेत हवा’ असं लिहू नका. बऱ्याच राज्यांत ते रेस्पाइट न धरता पाळणाघर ठरतं.