ऑक्साइडच्या पातळ फिल्मचं चुंबकत्व मोजताना या चुका टाळा

झिंक ऑक्साइडची फिल्म, त्यात थोडं कोबाल्ट, आणि खोलीच्या तापमानाला व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) छोटासा, सुबक हिस्टेरिसिस लूप, म्हणजे फिल्म चुंबकासारखी वागत असल्याची खूण असलेला बंद वक्र. पुण्यात गणेशखिंडीतलं विद्यापीठ असो की पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळा, ऑक्साइडवर पीएचडी करणारी मुलं हा लूप दिसला की लगेच पेपर लिहायला बसतात. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: आधी तो लूप फिल्मचाच आहे, याची खात्री करा.

आकडे मांडून बघा. तुकडा 5 मिमी बाय 5 मिमी, फिल्मची जाडी 100 नॅनोमीटर. घनसेंटिमीटरला 10 ईएमयू (चुंबकत्व मोजायचं एकक) चुंबकन धरलं, तर अख्ख्या फिल्मचा सिग्नल भरतो 0.000025 ईएमयू. आता लोखंड घ्या. त्याचं संपृक्त (जास्तीत जास्त होऊ शकणारं) चुंबकन ग्रॅमला साधारण 218 ईएमयू. म्हणजे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं लोखंड तुकड्याला कुठेतरी लागलं, तरी जवळजवळ तेवढाच सिग्नल मिळतो. हे लोखंड डोळ्यांना दिसत नाही, एक्सआरडीतही (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीतही) दिसत नाही.

ते येतं मुख्यतः चिमट्यातून. बोहरी आळीतून आणलेला स्टीलचा चिमटा इतर सगळ्या कामांना चालेल, या कामाला नाही. 2004 मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं चुंबकत्व) सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं, की स्वच्छ फिल्ममध्ये तसं काही नसतं. स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरलेल्या फिल्ममध्ये मात्र तसाच सिग्नल मिळतो. प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा घ्या आणि त्यावर तसं लिहून ठेवा, नाहीतर दुसरं कोणीतरी तो भलत्याच कामाला वापरतं. सबस्ट्रेट (ज्यावर फिल्म चढवतात तो तुकडा) हीटरला चिकटवायला सिल्व्हर पेस्ट वापरत असाल, तर पाठीमागचा थर मोजणीआधी पूर्ण काढा. हीटरच्या स्टीलमधलं लोखंड त्यात उतरलेलं असू शकतं. सबस्ट्रेट आम्लाने धुवायचा असेल तर फिल्म चढवण्याआधीच धुवा. झिंक ऑक्साइड पातळ आम्लातही विरघळतं.

नुसता कोरा सबस्ट्रेट मोजून भागत नाही. फिल्मच्या सबस्ट्रेटवर जे जे केलं, ते सगळं कोऱ्यावरही करा: तोच हीटर, तीच पेस्ट, तेवढाच ऑक्सिजन, तेवढाच वेळ, फक्त डिपॉझिशन (फिल्म चढवणं) नाही. मग दोन्ही लूप शेजारी ठेवा. शिवाय दुप्पट जाडीची एक फिल्म करा. सिग्नल तेवढाच राहिला तर तो फिल्मच्या आतून येत नाही, हे उघड आहे.

लोहाच्या ऑक्साइडवर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट या लोहाच्या दोन ऑक्साइडांचे एक्सआरडी पॅटर्न इतके सारखे असतात, की पातळ फिल्ममध्ये त्यावरून निवाडा करूच नये. रामन वर्णपट (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांवरून पदार्थ ओळखायची पद्धत) घ्या: मॅग्नेटाइटची मुख्य रेषा 670 प्रतिसेंटिमीटरच्या आसपास येते, मॅगहेमाइटचे रुंद पट्टे 350, 500 आणि 700 च्या आसपास. पण इथेच घाई नडते. लेसर जास्त ताकदीचा ठेवला की त्या ठिपक्यावर मॅग्नेटाइट तापून त्याचं हेमाटाइट (लोहाचं आणखी एक ऑक्साइड) होतं, आणि 225 व 292 ला रेषा उगवतात. मग फिल्ममध्ये मुळातच हेमाटाइट होतं, असा निष्कर्ष निघतो. लेसर एक मिलिवॉटच्या आसपास ठेवा, नंतर ताकद वाढवून तोच ठिपका पुन्हा मोजा. रेषा बदलल्या तर कारण कळलंच. मॅग्नेटाइटची आणखी एक खूण म्हणजे 120 केल्विनच्या सुमारास होणारं व्हर्वे संक्रमण, त्यात थंड करताना विद्युतरोध एकदम वाढतो. रोध मोजायची सोय असेल तर ते जरूर बघा.

पुण्याच्या पावसाळ्यात लॅन्थॅनम ऑक्साइडकडे विशेष लक्ष द्या. ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. बाटलीतून काढून तसंच तोललं तर मॅंगनाइटच्या (मॅंगनीजच्या चुंबकीय ऑक्साइडच्या) टार्गेटमध्ये, म्हणजे ज्यापासून फिल्म बनते त्या गोळीत, लॅन्थॅनम कमी पडतं, आणि प्रत्येक फिल्मचं क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते) का हुकतंय ते कळत नाही. आधी 900 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजा, कोरडं असतानाच तोला.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद राहण्याची शक्यता असते. लांबलचक डिपॉझिशन त्या दिवशी लावू नका. रोटरी पंप मध्येच थांबला आणि झडप उघडी राहिली, तर तेलाची वाफ चेंबरमध्ये शिरते.

थंड तापमानाच्या मोजणीत 50 केल्विनच्या आसपास उंचवटा आला तर नवं संक्रमण म्हणून त्याच्यामागे लागू नका. बहुतेकदा तो सॅम्पलच्या कप्प्यात अडकलेल्या ऑक्सिजनचा असतो. कप्पा हेलियमने पुन्हा पुन्हा धुवून परत मोजा.

मऊ चुंबकीय फिल्मचा लूप कधी उलटा, म्हणजे ऋण कोअर्सिव्हिटीचा (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं फील्ड ऋण असलेला) दिसतो. अतिवाहक चुंबक मोठ्या फील्डवरून शून्यावर आणला, तरी त्यात दहाच्या पटीतले काही ओरस्टेड (फील्डचं एकक) एवढं फील्ड अडकून राहतं आणि पडद्यावरचा आकडा ते दाखवत नाही. पॅलेडियमचा प्रमाण नमुना फील्डच्या त्याच क्रमाने मोजा. खरं फील्ड त्यावरून काढता येतं. मग लूपचा आडवा अक्ष दुरुस्त करून घ्या.