क्लच सोडला की ‘खाड्’: जुन्या ट्रकमधली ढील शोधायला मी कसा शिकलो

सोलापुरात विजापूर रोडच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक करून मी हैद्राबाद रोडला एका गॅरेजमधे लागलो तेव्हा इंजिनचं बऱ्यापैकी यायचं, पण गिअरबॉक्सच्या मागचं, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचं, फारसं काही येत नव्हतं. आणि आपल्याकडं येणाऱ्या जुन्या गाड्यांची तक्रार बऱ्याचदा तिथलीच असते. क्लच सोडला की खाड्, रिव्हर्स टाकला की खाड्, उतारावर ॲक्सिलेटर सोडून परत दिला की खाड्. हा आवाज ढिलीचा, म्हणजे जोडलेल्या दोन भागांमधल्या मोकळ्या हालचालीचा. आता नवीन पोरं या लाईनमधे येतायत, म्हणून मला जे कळायला दोन-तीन वर्षं लागली ते लिहितोय.

एका कांद्याच्या गाडीनं मला हे शिकवलं. मार्केट यार्डात माल उतरवून आली होती, जुनी सहा चाकी टाटा, आणि ड्रायव्हर आल्याआल्याच म्हणाला क्राऊन गेलंय, बदलून टाका. क्राऊन म्हणजे मागच्या एक्सलच्या हौसिंगमधलं मोठं दात्यांचं चाक, आणि त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. मी खाली शिरलो, न्यूट्रलमधे मागचा शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून पिनियनला फिरवणारा लांब दांडा, हातानं फिरवून बघितला तर बोटभर हलत होता आणि प्रत्येक वेळी हौसिंगमधून टक्-टक्. मीपण सांगून टाकलं, क्राऊन-पिनियनच. हौसिंगला पाना लावणार तेवढ्यात उस्ताद आले. "काय करूलालास बे? चाकाकडं बघितलास का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी खडू घेतला, मागच्या चाकाच्या हबवरून (चाकाचा मधला भाग) त्याला बोल्टांनी जोडलेल्या एक्सलच्या फ्लँजवर (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाची चकती) एक सरळ रेघ ओढली, दुसऱ्या बाजूला पण तशीच. क्लीनरला शाफ्ट हलवायला खाली पाठवलं आणि मला रेघेसमोर बसवलं. उजवीकडची रेघ अखंड राहिली. डावीकडची मात्र तुटत होती, हबवरचा तुकडा जागच्या जागी आणि फ्लँजवरचा सूतभर सरकून परत यायचा. बोल्टांच्या बुडाशी तांबूस पावडर होती, खाली तेलाचा ओघळ. बोल्ट काढले तर फ्लँजची भोकं अंड्यासारखी लांबट झालेली.

आता एवढ्याशा ढिलीनं शाफ्ट बोटभर कसा हलतो? समजा पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१, म्हणजे रेशो ६.८३. चाक एक फिरायला शाफ्ट जवळजवळ सात फिरतो, तसं चाकाकडची ढीलपण शाफ्टवर वाढून दिसते. दोन्ही बाजूंना सारखी असेल तर सातपट, एकाच बाजूला असेल तर डिफ्रन्शियलमुळं (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) निम्मी, तरी साडेतीन पट. त्यात क्रॉसची (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा), स्लिप जॉइंटची (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा खाचांचा सांधा), दातांची थोडी थोडी मिसळते. म्हणून शाफ्ट हलतो एवढ्यावरून क्राऊन कधीच उघडायचं नाही. त्या दिवशी उघडलं असतं तर गाडी दोन दिवस उभी, मालकाचा खर्च वेगळा, आणि खाड् तसंच राहिलं असतं. जुन्या गाडीच्या मालकाला दोन दिवसांचं भाडं बुडणं किती जड जातं हे मी जवळून बघितलंय.

तपासायच्या आधी चाकांना पुढून-मागून दगड, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. केबिनमधे राहू द्यायची नाही, कोण कधी येऊन स्टार्टर मारेल सांगता येत नाही. मग न्यूट्रल करून एका टोकापासून सुरू करायचं. प्रत्येक क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, दोन हातांनी धरून उलटसुलट पिळायचे, एक हलतो आणि दुसरा थांबतो असं झालं तर क्रॉस गेला. दातांमधे थोडी ढील असावीच लागते, पण क्रॉसमधे हाताला कळेल एवढीपण चालत नाही. क्रॉसच्या चार टोकांवर कप असतात, कपाच्या तोंडाला गंजाची लाल पावडर दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. ग्रीस मारताना चारही कपांतून बाहेर येईपर्यंत मारायचं, तीनमधून आलं आणि एकातून नाही तर तो एक कप उपाशी आहे आणि तोच आधी जाणार.

ड्रायव्हरला आवाज कुठून येतो हे विचारण्यापेक्षा कधी येतो ते विचारा, कारण आवाज चासीवरून पसरतो आणि केबिनमधे बसून जागा कळत नाही. हळू जाताना चिमणीसारखं चीं-चीं म्हणजे कोरडा क्रॉस. लोडवर उठताना गाडी थरथरते तर शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर बघा. फक्त वळणावर कट्-कट् आलं तर डिफ्रन्शियलमधले स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर. गाडी थांबता थांबता एकच ठोका पडत असेल तर बऱ्याचदा स्लिप जॉइंट सुकलेला असतो, नुसत्या ग्रीसनं जातो. आणि ब्रेक मारल्यावरपण ठोका येत असेल तर शाफ्ट सोडून पाट्यांकडं (स्प्रिंगच्या पट्ट्या) जा, त्यांना एक्सलशी आवळणारे यू-बोल्ट ढिले असतात नाहीतर पाट्याचा बुश गेलेला असतो. यू-बोल्टला हातोडीचा हलका ठोका द्या, घट्ट असेल तर टण् वाजतो, ढिला असेल तर भद्द.

शाफ्ट काढताना स्लिप जॉइंटवर खूण करा, ही चूक माझ्याकडून झालीय. मी खूण न करता काढला आणि एका खाचेच्या फरकानं बसवला, क्रॉस नवीन होते तरी बोरामणीच्या पुढं वेग घेतल्यावर गाडी अशी थरथरली की ड्रायव्हर परत घेऊन आला. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू जातो, तो चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस भरून काढतो, पण त्यासाठी त्या शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत पाहिजेत. बऱ्याच शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, ग्रीसची पुटं खरवडली की दिसतात.

कांद्याच्या गाडीला डावीकडचा एक्सल आणि सगळे बोल्ट नवीन बसवले. नवीन बोल्ट लोडवर चालल्यावर थोडे बसतात, म्हणून उस्तादांनी ड्रायव्हरला परतीच्या फेरीत थांबायला सांगितलं होतं. चार दिवसांनी तो हैद्राबादहून येताना थांबला, पाना मीच लावला, दोन बोल्ट पाव फेरा आत गेले, आणि खडूची रेघ परत ओढून बघितली तर ती अखंड होती.