भट्टीपासून म्यानापर्यंत: सेआक्स सुरी हाताने घडवताना

सेआक्स ही उत्तर युरोपातल्या जर्मानिक लोकांची एकधारी सुरी. इंग्लंडमध्ये पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंत ती अँग्लो-सॅक्सन माणसाच्या कमरेला असायची. साध्या माणसाची वीतभर, मातब्बराची जवळजवळ तलवारीएवढी. १८५७ साली लंडनमध्ये बॅटर्सीजवळ थेम्स नदीत सापडलेली एक सेआक्स आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लांबी सुमारे ७२ सेंटिमीटर, आणि पात्यावर रून या जुन्या जर्मानिक लिपीची २८ अक्षरे तारा ठोकून बसवलेली. त्या सुरीची ठेवण या लेखात घेतली आहे: धार जवळजवळ सरळ, पाठही दोन-तृतीयांशापर्यंत सरळ, आणि मग पाठीला एकदम कोन पडून ती टोकाकडे उतरते. आकार मात्र छोटा, कामाच्या सुरीचा.

पाते १५ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, पाठीला ५ मिलिमीटर जाड ठेवा. मुठीत जाणारी निमुळती शेपटी ९ ते १० सेंटिमीटर. भारतात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरकाम-शेतीकामाची नसलेली सुरी शस्त्र नियमांच्या कक्षेत येते, म्हणून पहिली सुरी मोठी करण्याच्या मोहात पडू नका. पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचे चित्र काढून कापून घ्या. घडाई चालू असताना पाते वारंवार या पुठ्ठ्यावर धरून बघायचे आहे.

पोलाद आणि भट्टी

१०७५ किंवा १०८० या प्रतीचे साधे कार्बन पोलाद सर्वांत उत्तम. २५ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड, फूटभर लांब पट्टी पुरते. आपल्याकडचे लोहार कोयत्यासाठी गाडीच्या कमानीचा जुना पाटा वापरतात. तोही चालेल, पण वर्षानुवर्षे वाकून त्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. शक्यतो नवी पट्टी घ्या. जस्ताचा मुलामा असलेले काहीही भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो.

भट्टी कोळशाची असो वा गॅसची, जागा मोकळी आणि हवेशीर हवी. सुती कपडे, बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा याला पर्याय नाही. ऐरणीवर उन्हाची तिरीप येणार नाही असे बघा, कारण रंग ओळखण्यावर सगळे काम अवलंबून आहे. नारिंगी ते पिवळट नारिंगी रंगावर ठोकायचे. गडद लाल झाले की हातोडा थांबवून पट्टी पुन्हा भट्टीत. थंड पोलादावर मारलेले चार जास्तीचे घाव आत चीर पाडतात आणि ती पाणी पाजताना, म्हणजे तापलेले पाते बुडवून कडक करताना, उघडी पडते. उलट पट्टीतून ठिणग्या फुटू लागल्या तर पोलाद जळाले. तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

घडाई

आधी टोक. पट्टी ऐरणीवर उभ्या कडेवर धरून पाठीच्या बाजूचा पुढचा कोपरा तिरका खाली बसवत न्या, साधारण ५ ते ६ सेंटिमीटर लांबीचा उतार होईपर्यंत. बाजूला फुगवटा येईल. दर दोन-चार घावांनी पट्टी आडवी करून तो सपाट करा. टोकाशी पोलादाची दुमड दिसली तर तिथल्या तिथे कानशीने काढून टाका.

आता या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धारेची बाजू ठोकून पातळ केली की तिथले पोलाद पसरते, धारेची कड लांबते आणि टोक आपोआप पाठीकडे वर उचलले जाते. सरळ पट्टीवर थेट धार काढली तर हाती येते वर वाकलेले पाते, आणि ते सरळ करताना सुंदर तयार झालेली धार चेपली जाते. म्हणून आधीच उलटा बाक द्या. पट्टी कडेवर उभी करून टोक धारेच्या बाजूला हलके वाकवा, विळ्याच्या पात्याला असतो तसा. मग धार काढत गेलात की घावागणिक हा बाक उघडत जातो आणि शेवटी पाते सरळ येते. किती बाक द्यायचा हे तुमच्या हाताच्या वजनावर ठरते, पण काहीच न देण्यापेक्षा थोडा जास्त झालेला बरा.

धार काढताना पट्टी ऐरणीच्या कडेशी किंचित तिरकी धरून बुडापासून टोकाकडे एका रांगेत घाव घाला. मग उलटी करून दुसऱ्या बाजूला तितकेच. सेआक्सचे पाते पाठीपासून धारेपर्यंत एकसारखे उतरत जाते, आडवा छेद पाचरीचा. धारेला मात्र या टप्प्यावर २ मिलिमीटर जाडी राखा. फार पातळ कड भट्टीत जळते आणि तेलात वेडीवाकडी होते.

शेवटी शेपटी. ऐरणीच्या कडेवर पट्टी ठेवून अर्धा घाव ऐरणीवर, अर्धा बाहेर असे मारून खांदा पाडा आणि पुढे निमुळती ओढत न्या: सुरुवातीला १२ मिलिमीटर, शेवटी ४. खांद्याचा आतला कोपरा गोलसर ठेवा. तो काटकोनी झाला तर सुरी बहुधा तिथेच मोडेल.

घडाई झाली की पाते लोहचुंबकाला चिकटेनासे होईपर्यंत तापवून स्थिर हवेत काळे पडू द्या. असे तीनदा, दर वेळी थोडा कमी ताव. ठोकताना पोलादात साठलेला ताण याने निघतो. नंतर एकदा तापवून रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवा. सकाळी कानस लोण्यात गेल्यागत चालणार नाही, पण चालेल. आकार पुठ्ठ्याशी जुळवा आणि कानशीचे आडवे ओरखडे पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढा.

पाणी पाजणे

म्हणायचे पाणी, पण या पोलादाला तेलच द्या. पाण्यात पातळ पाते तडकण्याची भीती फार. शेंगदाणा तेल चालते. जळके इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. उंच लोखंडी डब्यात तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा आणि डब्याचे झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर झाकण लावायचे, पाणी कधीही टाकायचे नाही.

पाते सारखे मागे-पुढे करत तापवा. चुंबक साधारण ७७० अंशांना सोडतो. हवे आहेत सुमारे ८१५, म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग जेमतेम एक छटा उजळू द्यायचा. पातळ टोक आधी तापते, त्यावर नजर ठेवा. रंग सगळीकडे सारखा झाला की टोक खाली करून पाते सरळ तेलात. आत धारेच्या दिशेने मागे-पुढे हलवा, आडवे हलवले तर वाकते. तेलातून काढून पूर्ण थंड झाल्यावर धारेवर कानस फिरवा. ती न चावता घसरली तर पोलाद कडक झाले.

आता ते काचेइतके ठिसूळ आहे, हातातून पडले तर तुटेल. त्याच दिवशी तेल पुसून ओव्हनमध्ये २०५ अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घासलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग येईल. निळा आला तर धार नरम पडली, आणि पुन्हा पाणी पाजण्यावाचून गत्यंतर नाही.

मूठ

सेआक्सला आडवा हातरोधक नसतो, मूठ साधी आणि लांबट. इंग्लंडमध्ये लाकूड, शिंग, हाड वापरत. आपल्याकडे शिसव, बाभूळ किंवा म्हशीचे शिंग घ्या. हरणाचे किंवा सांबराचे शिंग भारतात वन्यजीव कायद्याने वर्ज्य आहे. १२ सेंटिमीटर लांब ठोकळ्याला आधी रुंद, पुढे अरुंद असे भोक पाडा. पात्याला ओले फडके गुंडाळून फक्त शेपटीचे टोक लाल करा आणि भोकात दाबा. दोन-तीन सेकंदांत बाहेर काढा. असे थोडे थोडे जाळत गेले की शेपटीच्या नेमक्या आकाराची जागा तयार होते. विळा-कोयत्याच्या मुठी बसवणाऱ्यांना हे नवे नाही. शेवटचे ५ मिलिमीटर बाकी ठेवून राळ, मेण आणि कोळशाची पूड यांचे गरम मिश्रण भोकात ओता आणि मूठ ठोकून बसवा. मग लंबगोल छेद घासून जवसाचे तेल चोळा. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, आपोआप पेटतात; पसरून वाळवा.

म्यान

यॉर्कमधल्या कॉपरगेटच्या उत्खननात (१९७६ ते १९८१) त्या काळची नक्षीदार चामडी म्याने मिळाली. आपल्याला साधे म्यान पुरे. साल-हिरड्याने कमावलेले अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे चामडे घ्या, कोल्हापुरी चपलेसाठी अशाच तऱ्हेने कमावलेले वापरतात. घडी पाठीच्या बाजूला, शिवण धारेच्या बाजूला. मूठ निम्मी आत बसेल इतके खोल करा, त्या काळीही तसेच करत. सुरीला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून भिजवलेले चामडे तिच्याभोवती दाबून बसवा आणि रात्रभर वाळू द्या. शिवणीत धारेलगत चामड्याची एक पट्टी घाला, नाहीतर धार दोरा कापेल. आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घाला. पट्ट्याला ते आडवे, धार वर राहील असे लटकवायला दोन चामडी कड्या लावा.

धार शेवटी, सगळे झाल्यावर सहाणेवर. सुरी वापरात नसेल तेव्हा तेलाचा हात फिरवून म्यानाबाहेर ठेवा, कमावलेल्या चामड्यात राहिलेले पाते गंजते.