पातेगळ थांबवायची तर एनएएचे माप चुकवू नका

पावसाची झड, ढगाळ हवा आणि कपाशीखाली पात्या (कळ्या) आणि फुलांचा सडा दिसला की जीव कासावीस होतो. मग लगेच एनएए हे वाढ-संजीवक फवारले जाते. त्याआधी गळलेली पाती उचलून बघा. छिद्र असेल तर ती बोंडअळीने पाडलेली आहेत, तिथे एनएएचा उपयोग नाही. छिद्र नसेल आणि सरीत पाणी तुंबले असेल, तर आधी चर काढा. मुळांना हवा मिळाली नाही की झाडात इथिलीन हे गळ घडवणारे संप्रेरक वाढते आणि पात्याच्या देठाशी पेशींचा थर सुटतो. पानामागे तुडतुडे, फुलकिडे आहेत का तेही पाहा. थोडी गळ मात्र कपाशीच्या स्वभावातच आहे, सगळी पाती बोंडे होत नाहीत.

जादा पाणी निघून जमिनीला वाफसा आल्यावरही गळ चालू राहिली तरच फवारा. एनएए म्हणजे नॅप्थलीन ॲसिटिक ॲसिड, झाडातल्या ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकासारखे काम करणारे कृत्रिम संयुग. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत रोपांना मुळे फोडायलाही हेच वापरतात. कमी मात्रेत ते देठ धरून ठेवते, पण मात्रा वाढली की झाडात इथिलीन वाढवून उलट गळ करते. सफरचंदाची दाटी विरळ करायला ते मुद्दाम फवारतात, यावरून काय ते समजा.

४.५ टक्क्यांचे द्रावण १० लिटर पाण्यात ४.५ मिली घेतले की साधारण २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) होते. १५ लिटरच्या पंपाला पावणेसात मिली पुरे. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, सुई काढलेली सिरिंज वापरा. बाटलीवर टक्केवारी वेगळी असेल तर हिशेबही बदलेल. पिकाची मात्रा आणि फवारणीची वेळ लेबलवर असते, तीच पाळा. ‘थोडे जास्त टाकू’ हा मोह इथे फार महागात पडतो.

सर्वांत कळकळीचे सांगणे पंपाबद्दल आहे. २,४-डी तणनाशक मारलेला पंप कपाशीत नेऊच नका. तेही ऑक्झिनच्याच जातीचे, आणि कपाशी त्याला इतकी हळवी की पंपात उरलेल्या अंशानेही पाने आकसून पंजासारखी होतात. नुसत्या पाण्याने विसळून ते जात नाही. कपाशीसाठी पंप वेगळाच ठेवा.

फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, पाने कोरडी आणि वारा शांत असताना करा. त्याआधी दहा झाडांना दोरा बांधून त्यांखालची गळ मोजा आणि आठवड्याने त्याच झाडांखाली पुन्हा मोजा. फरक दिसला नाही तर दुसरी फवारणी न करता मुळे उकरून तपासा.