कंगव्याचा फोटो काही केल्या जमेना, मग असा जमला

घरातल्याच वस्तूंचे फोटो काढायचे ठरवलं आणि पहिले वीसेक बघून स्वतःचीच लाज वाटली, कंगवा, कात्री, चमचा, सगळं मधोमध ठेवून वरून काढलेलं, जसं काही विकायलाच मांडलंय. मग आंद्रे केर्तेस या छायाचित्रकाराचा १९२८ सालचा फोटो आठवला, ताटलीच्या कडेला टेकवलेला एक काटा आणि त्याची सावली, बस्स एवढंच! तेव्हा कळलं की माझ्या फोटोत सावलीच नाहीये कारण डोक्यावर ट्यूबलाइट. ती बंद केली, पडदा अर्धा सरकवला, कंगवा पांढऱ्या कागदावर उभा केला (तीनदा पडला, शेवटी मागे खोडरबर लावलं) आणि तिरपं ऊन आलं तशा दातांच्या सावल्या कागदभर लांबच लांब पसरल्या, कंगव्यापेक्षा त्याच भारी. मग कंगव्याला चक्क कोपऱ्यात ढकललं. फोन अगदी जवळ नेला की वस्तू फुगल्यासारखी दिसते, म्हणून मागे सरकून दोन एक्स झूमवर घेतला, एक्स्पोजर (म्हणजे फोटोतला उजेड) जरा खाली ओढलं नाहीतर कागद नुसता पांढराफटक येतो. एका दातात केस अडकलेला, काढणार होते, पण त्याचीही बारीक सावली पडली होती, राहू दिला.