ईक्ष् धातूच्या वाटेने इंग्रजी शब्दकुळांकडे

निरीक्षक, परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, समीक्षा आणि प्रेक्षक हे शब्द आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. पण त्या सर्वांच्या पोटात ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, हा एकच संस्कृत धातू आहे, हे क्वचितच आपल्या ध्यानात येते. इंग्रजीतील अवघड शब्द आत्मसात करू पाहणाऱ्या मराठी वाचकाने येथूनच सुरुवात करावी, कारण उपसर्ग बदलला की धातूचा अर्थ कसा वळतो, हे त्याला मातृभाषेमुळे आधीच अंगवळणी पडलेले असते. वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या पाठ करण्याची पद्धत मला निष्फळ वाटते. त्यांत शेजारी बसलेल्या शब्दांचे परस्परांशी बहुधा काहीच नाते नसल्यामुळे आठवणीला धरायला आधार उरत नाही.

पहिले कूळही पाहण्याचेच घ्यावे. लॅटिनमध्ये पाहणे या अर्थी ‘स्पेकेरे’ असे क्रियापद होते. ‘इन’ म्हणजे आत. आत डोकावून पाहणारा तो इन्स्पेक्टर, अर्थात आपला निरीक्षक. स्पेक्टेटर म्हणजे प्रेक्षक, आणि बाहेर नजर लावून वाट पाहणे ते एक्स्पेक्ट, म्हणजे अपेक्षा करणे. एवढे शब्द शाळेतच भेटलेले असतात. त्यांच्याच आधाराने पुढे सरकावे. ‘सर्कम’ म्हणजे सभोवती, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी चहूकडे पाहून घेणारा सावध माणूस सर्कमस्पेक्ट ठरतो. ‘रेट्रो’ म्हणजे मागे, म्हणून रेट्रोस्पेक्ट हे सिंहावलोकन. ‘इन्ट्रो’ म्हणजे आतल्या बाजूस, म्हणून इन्ट्रोस्पेक्शन हे आत्मपरीक्षण. ‘डी’ म्हणजे खाली, आणि एखाद्याकडे खालच्या नजरेने पाहणे ते डिस्पाइज, म्हणजे तुच्छ लेखणे. या कुळातला मला सर्वांत आवडणारा शब्द ऑस्पिशस, म्हणजे शुभ. त्याच्या आरंभी ‘आव्हिस’, म्हणजे पक्षी, हा लॅटिन शब्द दडलेला आहे, कारण प्राचीन रोममध्ये पक्ष्यांचे उडणे पाहून शुभाशुभ ठरवीत असत. आपल्या ‘शकुन’ या शब्दाचाही संस्कृतातील मूळ अर्थ पक्षी असाच आहे, आणि हे एकदा कळल्यावर ऑस्पिशसचा अर्थ पुन्हा पाठ करावा लागत नाही.

येथे एक अडचण येते, ती म्हणजे धातू वेष बदलतो. स्पेक, स्पेक्ट, स्पिक आणि फ्रेंचमधून आलेला स्पाइज ही सारी एकाच मुळाची रूपे आहेत. युज् या धातूपासून योग, युक्त आणि योजना होतात, तसाच हा प्रकार आहे. उपसर्गही संधीप्रमाणे बदलतात. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, त्याच न्यायाने इंग्रजीतील नकारार्थी ‘इन’ पुढच्या व्यंजनाकडे पाहून इम्पॉसिबल, इल्लीगल आणि इर्रेग्युलर अशी रूपे घेतो. शालेय व्याकरणातील व्यंजनसंधी ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना हा भाग फार सोपा जाईल.

प्रत्यक्ष अभ्यासासाठी एक वही घ्यावी आणि एका आठवड्यात एकच कूळ हाती धरावे. पानाच्या मध्यभागी मूळ लिहून भोवती सहा ते आठ शब्द मांडावेत. प्रत्येक शब्दाखाली त्याची फोड, मराठी अर्थ आणि आपल्या वाचनात प्रत्यक्ष आलेले एक वाक्य उतरवावे. वाक्य सापडले नाही, तर तो शब्द तूर्त सोडून द्यावा. उच्चारातील आघातही खुणेने दाखवावा, कारण स्पेक्टॅकलमध्ये तो पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर असतो, तर स्पेक्टॅक्युलरमध्ये दुसऱ्यावर. दुसऱ्या दिवशी अर्थ हाताने झाकून केवळ फोडीवरून ते सांगून पाहावेत.

मात्र फोड हा अर्थाचा पुरावा मानू नये. इन्फ्लेमेबल या शब्दातील ‘इन’ नकारार्थी नाही, त्यामुळे ज्या टँकरवर तो शब्द लिहिलेला असतो, त्याच्याजवळ काडी ओढणे जिवावर बेतू शकते. स्पीशस म्हणजे वरवर पटणारा पण आतून फसवा. तो याच कुळातला आहे, परंतु त्याच्यासारखाच दिसणारा स्पेशस, म्हणजे ऐसपैस, हा निराळ्या मुळाचा आहे. पेडेस्ट्रियनमधील ‘पेड’ म्हणजे लॅटिन पाय, तर पीडियाट्रिक्समधील ‘पीड’ म्हणजे ग्रीक मूल. शंका आली की शब्दकोशातील व्युत्पत्ती पाहावी आणि अंदाज चुकला असेल, तर तो शब्द वहीत तांबड्या शाईने लिहावा. असे चुकून शिकलेले शब्दच अधिक टिकतात, असा माझा अनुभव आहे.

पाहण्याचे कूळ हातचे झाल्यावर ‘ड्यूकेरे’, म्हणजे नेणे, हे क्रियापद घ्यावे. इन्ड्यूस, डिड्यूस, सिड्यूस आणि कन्ड्यूसिव्ह यांची फोड आधी स्वतः करावी आणि नंतरच शब्दकोश उघडावा. याच कुळातला ट्रॅड्यूस, म्हणजे बदनामी करणे, हा शब्द मात्र शेवटी ठेवावा, कारण ‘पलीकडे नेणे’ या फोडीवरून तो अर्थ कोणालाही सुचणार नाही.