खेड्यातल्या मेथडिस्ट चॅपलचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या खेड्यांतून फिरताना विटांची एक साधीसुधी इमारत हमखास भेटते: मेथडिस्ट चॅपल, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या मेथडिस्ट ख्रिश्चनांचं प्रार्थनाघर. दोन कमानदार खिडक्या, माथ्यावर कोरलेलं ‘एबेनेझर’ किंवा ‘बेथेल’ असं बायबलमधलं नाव, खाली साल. आपण ते साल वहीत उतरवतो आणि चॅपलचा जन्म सापडला म्हणून खूश होतो. मीही वर्षानुवर्षं हेच करत होतो.

ते साल बहुतेकदा भिंतींचं असतं, मंडळीचं नव्हे. लोक आधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नाहीतर धान्याच्या कोठारात जमायचे. १६८९च्या टॉलरेशन अ‍ॅक्टखाली अशा जागेची नोंद बिशपकडे किंवा न्यायाधीशांकडे होई. त्या दाखल्यांत घरमालकाचं नाव मिळतं, पण पंथ कित्येकदा मोघम, नुसतं ‘प्रोटेस्टंट डिसेंटर्स’, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे प्रोटेस्टंट. पुढे छोटं चॅपल, गर्दी वाढली की मोठं, आणि जुन्यात रविवारची शाळा.

डॉर्सेटमधलं टॉलपडल घ्या. शेतमजुरांची संघटना बांधली म्हणून १८३४मध्ये सहा जणांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं, त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट उपदेशक होता. आज लोक रस्त्यालगतच्या चॅपलच्या कमानीपाशी फोटो काढतात. पण ते चॅपल १८६०च्या दशकातलं आणि कमान १९१२ची. लव्हलेसच्या काळातलं चॅपल वेगळं, १८१८चं, बरंचसं मातीच्या भिंतींचं.

‘मेथडिस्ट’ एवढ्यावर थांबलात तर कागद सापडणार नाहीत. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली १७९१ला गेला आणि सहा वर्षांत न्यू कनेक्शन ही शाखा फुटून निघाली. १८०७च्या मो कॉपच्या माळावरच्या सभेतून पुढे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट आले, १८१५ला डेव्हनमध्ये बायबल ख्रिश्चन. अस्सल भाऊबंदकी! म्हणून एकाच गल्लीत दोन चॅपलं दिसतात. १९०७ आणि १९३२ला एकी झाली खरी, पण ती आधी कागदावर. कित्येक गावांत दोन्ही दारं पुढेही उघडी राहिली. तेव्हा शाखा आधी ठरवा, मग दप्तर धुंडाळा. (मुंबईतल्या मेथडिस्ट मंडळ्यांचं मूळ मात्र या खेड्यांत शोधू नका, तो धागा १८७१ला मुंबईत आलेल्या विल्यम टेलर या अमेरिकन प्रचारकाकडे जातो.)

बाप्तिस्म्याची नोंद चॅपलच्या नावाने मिळत नाही? सर्किटच्या नावाने बघा. पाळक एका चॅपलचा नसे, पाचदहा गावांच्या सर्किटचा असे, आणि नोंदवही पुष्कळदा सर्किटचीच. कुठल्या रविवारी कुणी कुठे बोलायचं याचा तिमाही तक्ता, म्हणजे ‘प्लॅन’, हाती लागला तर सोनंच. गावं सर्किट बदलत, त्यामुळे शेजारचं सर्किटही चाळा.

लग्नाची नोंद नाही म्हणून घराणं मेथडिस्ट नव्हतं, असंही म्हणू नका. १७५४पासून १८३७च्या जुलैपर्यंत मेथडिस्टांनाही लग्न पॅरिश चर्चमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या स्थानिक चर्चमध्येच, लावावं लागे.

३० मार्च १८५१च्या धार्मिक गणनेत त्या रविवारी प्रार्थनेला किती जण आले ते मोजलं गेलं. त्यातले सकाळ, दुपार, संध्याकाळचे आकडे बेरजेत टाकणं ही आणखी एक खोड. तीच माणसं सकाळी पॅरिश चर्चला आणि संध्याकाळी चॅपलला जात. बेरीज केलीत तर गावाच्या लोकसंख्येपेक्षा भाविक जास्त निघायचे!

शेवटी भिंतीच्या पायथ्याशी वाका. काही चॅपलांच्या पायाशी आद्याक्षरं कोरलेल्या विटांची रांग असते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आवाज खाली आणला, वाटलं थडगी आहेत. ती वर्गणी होती. पैसे द्या, वीट आपल्या नावाची. त्यांना संस्थापक समजून वंशावळ काढायला बसू नका. वर्गणीची यादी आहे ती, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर असते तशी.